विहारातील विद्यार्थी : इत्सिंगच्या वृत्तान्ताच्या आधारे

गेल्या वर्षावासात आमच्या विहाराच्या अभ्यासिकेसंबंधी एक प्रश्न उपस्थित झाला. विहाराच्या माडीवरील ही अभ्यासिका पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत उघडी असते. तेथे नित्य येणाऱ्या तीस-पस्तीस मुलामुलींमध्ये पालि वा बौद्ध अध्ययनाचे विद्यार्थी चार-पाचच. बाकीचे कोणी अभियांत्रिकीचे, कोणी परिचर्येचे, कोणी वाणिज्य शाखेचे, आणि निम्म्याहून अधिक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारे. काही ज्येष्ठ उपासकांचे म्हणणे असे पडले की, ही मुले रविवारच्या वंदनेस बसत नाहीत. खाली त्रिसरण-पंचशील चालू असता वर चालू घडामोडींची पुस्तके चाळतात. विहारास दिलेले दान धम्मकार्यासाठी असते. त्यातून यांच्या दिव्यांचे आणि पंख्यांचे बिल का भरावे? हा प्रश्न विचारणारी माणसे विहाराच्या पायाभरणीच्या वेळी डोक्यावरून घमेली वाहिलेली आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांचा प्रश्न हलक्या मनाचा नव्हता.

विश्वस्तांनी निर्णय घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांशी बोलण्याचे काम आमच्यावर सोपविले. एका पौर्णिमेच्या सायंकाळी वंदना आटोपल्यावर आम्ही माडीवर त्यांच्यात जाऊन बसलो. आरंभी सारे अवघडून होते. मग चहा आला, आणि बोलणे सुरू झाले ते दीड तास चालले.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, चार वर्षं झाली, पण इमारतीच्या साइटवर आम्ही दोनदाच गेलो. पदवी हातात येईल, काम हातात येईल की नाही कोण जाणे." परिचर्येच्या विद्यार्थिनीने रात्रपाळी करून सकाळी अभ्यासाला कसे बसावे लागते ते सांगितले. शासकीय वसतिगृहात ज्यांचा नंबर लागला नाही, ते एका खोलीत सहा-सहा जण कॉट बेसिसवर राहतात. मेसचा डबा एक घेऊन दोघे खातात. शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षा होऊन गेल्यावर जमा होतो, हे तर साऱ्यांनीच सांगितले. आयोगाची पूर्वपरीक्षा तिसऱ्यांदा देणारा सत्तावीस वर्षांचा एक तरुण बराच वेळ गप्प होता. आम्ही विचारल्यावर एवढेच म्हणाला, "गावी जायचं टाळतो. गेलं की प्रत्येक जण एकच विचारतो, झालं का?"

पालि विषयात एम. ए. करणारी एक विद्यार्थिनी सर्वांत शेवटी बोलली. तिच्या घरी धम्माविषयी पूर्ण आस्था आहे. आजोबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेली. तरीही घरात रोज विचारले जाते, "पालि शिकून पुढे काय?" तिने तोच प्रश्न आमच्याकडे वळविला. "सर, नालंदात शिकायला जायचे ते सगळे भिक्खूच होते का? आणि जे भिक्खू झाले नाहीत, ते शिकून पुढे काय करायचे?"

या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता येण्याजोगे आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नातून निघाला आहे. शोध घेताना असे आढळले की, ज्येष्ठ उपासकांच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच ठिकाणी आहे, आणि ते आम्हांस अपेक्षित होते तसे नाही.

नालंदाविषयी आपल्या वाचकांना जी माहिती असते ती बहुधा ह्युएनत्संगाच्या प्रवासवर्णनातून व त्याच्या चरित्रातून आलेली असते. परंतु विद्यार्थ्यांचे दैनंदिन जीवन पाहावयाचे असेल तर त्याच्यामागून सुमारे चाळीस वर्षांनी आलेल्या इत्सिंगकडे वळणे अगत्याचे आहे. इत्सिंग ६७१ साली दक्षिण चीनमधून समुद्रमार्गे निघाला. वाटेत सुमात्रा बेटावरील श्रीविजय राज्यात सहा महिने राहून तो संस्कृत व्याकरण शिकला. ६७३ साली ताम्रलिप्तीस, म्हणजे बंगालच्या किनाऱ्यावर, उतरला. तेथून मगधाकडे जाताना तो आजारी पडला, मागे राहिला आणि वाटमाऱ्यांच्या हाती सापडून लुबाडला गेला. अशा स्थितीत मजल दरमजल करीत पोचलेला हा भिक्खू पुढे सुमारे दहा वर्षे नालंदात राहिला. परतीच्या वाटेवर श्रीविजयात मुक्काम असताना त्याने आपला वृत्तान्त लिहिला व ६९२ साली मायदेशी पाठविला. जपानी पंडित ताकाकुसु यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८९६ साली ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध झाला.

इत्सिंगचा मूळ हेतू विनयाचे नियम भारतात प्रत्यक्ष कसे पाळले जातात हे आपल्या देशबांधवांना दाखविण्याचा होता. त्यामुळे भिक्खूंनी दात कसे घासावे, पाणी कसे गाळावे, स्नानास केव्हा जावे, अशा बारीकसारीक गोष्टी तो लिहितो. तत्त्वचर्चेची अपेक्षा ठेवून हा ग्रंथ उघडणाऱ्यास कंटाळा येण्याचा संभव आहे. आमच्या कामासाठी मात्र हाच त्याचा गुण ठरला.

प्रथम विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा पूर्वार्ध. विहारात राहून शिकणारे सर्व जण भिक्खू नव्हते, हे इत्सिंग स्पष्टपणे सांगतो. पांढऱ्या वस्त्रांतील, म्हणजे गृहस्थ, विद्यार्थ्यांचे तो दोन वर्ग करतो. जे पुढे प्रव्रज्या घेण्याच्या इच्छेने मुख्यतः बौद्ध ग्रंथ वाचतात, ते 'माणव'. आणि ज्यांना केवळ लौकिक विद्या शिकावयाच्या असतात, गृहत्यागाचा ज्यांचा काहीही विचार नसतो, ते 'ब्रह्मचारी'. येथे ब्रह्मचारी या शब्दाचा अर्थ विद्यार्थी एवढाच घ्यावयाचा. भारतातील विहारांत असे ब्रह्मचारी पुष्कळ असतात, असे तो म्हणतो. ते भिक्खूंची सेवा करतात आणि भिक्खू त्यांना लौकिक ग्रंथ शिकवितात. त्यांना ठेवून घेणे चांगले, कारण त्यात दोघांचेही हित आहे आणि शिकता शिकता त्यांच्या मनात सद्भावनाही उपजते, असा आपला अभिप्राय तो नोंदवितो.

आमच्या माडीवरची चालू घडामोडींची पुस्तके चाळणारी मुले म्हणजे हेच ब्रह्मचारी होत. तेराशे वर्षांपूर्वीच्या विहारात त्यांना मज्जाव नव्हता.

पण याच प्रकरणात इत्सिंग दुसरीही एक गोष्ट सांगतो, आणि ती आम्ही दडवून ठेवली तर ज्येष्ठ उपासकांवर अन्याय होईल. माणव असो वा ब्रह्मचारी, दोघांनीही आपला निर्वाह स्वखर्चाने करावयाचा असे. संघाच्या स्थायी संपत्तीतून त्यांना अन्न देणे हे तो निषिद्ध मानतो. त्यास मात्र दोन अपवाद आहेत. विद्यार्थ्याने संघासाठी काही कष्टाचे काम केले असेल, तर त्या श्रमाच्या मानाने विहाराने त्यास भोजन द्यावे. आणि एखाद्या दात्याने विद्यार्थ्यांसाठी म्हणूनच दान दिले असेल, तर ते विद्यार्थ्यांना देण्यात दोष नाही. म्हणजे ज्या हेतूने दान आले त्याच हेतूसाठी ते खर्च व्हावे, हा आमच्या उपासकांचा आग्रह विनयाला धरूनच होता. चूक कोठे असेल तर एवढीच, की विद्यार्थ्यांसाठी वेगळे दान मागावे हे आजवर कोणाला सुचले नव्हते. आम्हांसही नाही.

आता ते काय शिकत, याकडे वळू. इत्सिंगने दिलेला अभ्यासक्रम वयाच्या पायऱ्यांनी जातो. सहाव्या वर्षी मूल 'सिद्धम्' शिकू लागे. ही मुळाक्षरांची व जोडाक्षरांची पोथी; ती सहा महिन्यांत संपे. (आपल्याकडे जुन्या पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर 'ॐ नमः सिद्धम्' गिरवून आरंभ होई, 'ओनामा' हा मराठी शब्द त्यातूनच आला. सिद्धम् ह्या शब्दाचा प्रवास असा लांबचा आहे.) आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे, ती आठ महिन्यांत मुखोद्गत करावयाची. दहाव्या वर्षापासून तीन वर्षे व्याकरणाचे पूरक ग्रंथ. पंधराव्या वर्षी जयादित्याची वृत्ती, जिला आपण काशिका म्हणतो, तिचा अभ्यास सुरू होई. अठरा हजार श्लोकांएवढा तो विस्तार. त्यास पाच वर्षे लागत. त्यानंतर गद्यपद्य रचना, हेतुविद्या म्हणजे तर्कशास्त्र, आणि अभिधर्मकोश. अनुमान नीट करता यावे म्हणून न्यायद्वार हा ग्रंथ आणि आकलन वाढावे म्हणून जातकमाला वाचीत. एवढी तयारी झाल्यावर विद्यार्थी दोन-तीन वर्षे मध्यदेशात नालंदा येथे किंवा पश्चिमेस वलभी येथे घालवीत.

हिशेब केला तर नालंदात प्रवेश करणारा हा विद्यार्थी विशीच्या पुढचा, म्हणजे आजच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याच्या वयाचा दिसतो. दुसरी गोष्ट अशी की, शब्दविद्या, शिल्पस्थानविद्या, चिकित्साविद्या, हेतुविद्या व अध्यात्मविद्या या पाच विद्यांपैकी फक्त शेवटची एक निखळ धार्मिक म्हणता येईल. भाषा आणि तर्क यांवर भिक्खू व गृहस्थ दोघांचीही तयारी होई. पालि शिकणारी आमची विद्यार्थिनी आणि आयोगाच्या परीक्षेसाठी युक्तिवादाचे प्रश्न सोडविणारा तो तरुण ह्यांची बाके आज वेगळी दिसतात. इत्सिंगच्या काळी ती काही वर्षे एकच असती.

ह्युएनत्संगाच्या चरित्रात नालंदात दररोज शंभर व्यासपीठांवरून प्रवचने होत आणि तेथे अठरा निकायांबरोबर वेद, सांख्य व वैद्यकही शिकविले जाई, असे म्हटले आहे. प्रवेशाची परीक्षा दारावरच होई. द्वारपंडित अवघड प्रश्न विचारीत आणि बाहेरून आलेल्या दहांपैकी सात-आठ जण परत फिरत, असे ह्युएनत्संग स्वतः सांगतो. त्याने आणखी एक मौजेची गोष्ट नोंदविली आहे. काही जण नालंदात न शिकताही आपण तेथले विद्यार्थी आहोत अशी बतावणी करीत आणि गावोगावी मान मिळवीत! खोट्या पदव्यांचा व्यवहार आजचा नाही. परंतु दारावरून परत गेलेले ते सात-आठ जण पुढे काय करीत, हे कोणत्याच प्रवाशाने लिहून ठेवले नाही. तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या आमच्या तरुणास त्यांच्याविषयीच ऐकावयाचे होते.

विद्यार्थिजीवनाविषयी इत्सिंग फार जिव्हाळ्याने लिहितो. त्याच्या काळी नालंदात तीन हजारांहून अधिक भिक्खू राहत. आठ सभागृहे व तीनशे खोल्या होत्या. जवळपास दहाहून अधिक मोठी तळी होती. सकाळी घंटा होई आणि भिक्खू आपापले स्नानवस्त्र घेऊन कधी शंभर, कधी हजार अशा संख्येने बाहेर पडत. वेळ घटिकापात्रावर मोजली जाई : तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर तरंगत ठेवावयाची, ती भरून बुडाली की एक घटका. एवढ्या सर्वांनी एकत्र बसून सायंवंदना करणे अशक्य असल्याने एक पाठक, पुढे धूप व फुले घेतलेली मुले आणि मागे तो, असा एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात गाथा म्हणत फिरे. सर्वांनी एकाच जागी बसलेच पाहिजे असा हट्ट नालंदाने धरला नव्हता, हे वाचून आम्हांस आमच्या रविवारच्या वादाची आठवण झाली.

गुरुशिष्यांचे नाते त्याने असे वर्णिले आहे : शिष्य रात्रीच्या पहिल्या व शेवटच्या प्रहरी आचार्यांकडे जाई. आचार्य त्यास स्वस्थ बसावयास सांगत, त्रिपिटकातील उतारे निवडून त्याच्या कुवतीप्रमाणे शिकवीत आणि कोणतीही गोष्ट स्पष्ट केल्यावाचून पुढे जात नसत. शिष्य त्यांचे अंग चेपी, वस्त्रांच्या घड्या घाली, खोली व अंगण झाडी. आणि शिष्य आजारी पडला तर आचार्य स्वतः त्याची शुश्रूषा करीत, औषध आणून देत, पोटच्या मुलासारखी काळजी घेत. सेवेचे पारडे एकाच बाजूस झुकलेले नव्हते. एका खोलीत सहा जण राहणाऱ्या आमच्या मुलांपैकी कोणी तापाने फणफणला तर त्याच्या प्राध्यापकास ते कळण्याचाही संभव आज नसतो.

हे सारे कशाच्या बळावर चालत होते? नालंदाच्या ताब्यात दोनशेहून अधिक गावे होती व ती अनेक पिढ्यांच्या राजांनी दिलेली होती, असे इत्सिंग सांगतो. ह्युएनत्संगाच्या चरित्रात हा आकडा शंभर आहे, आणि त्या गावांतील दोनशे कुटुंबे रोज तांदूळ, लोणी व दूध पुरवीत असे म्हटले आहे. त्या चरित्रकाराने पुढे जो निष्कर्ष काढला तो शिक्षणाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावा असा आहे. अन्न, वस्त्र, निवारा व औषध यांची याचना करण्याची पाळी येत नसल्यामुळेच तेथील विद्यार्थ्यांची विद्या पूर्णत्वास जाई, असे तो म्हणतो. नवव्या शतकात पालवंशीय राजा देवपाल याने सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेव राजाने नालंदात बांधलेल्या विहारासाठी पाच गावे दिली. त्या ताम्रपटात भिक्खूंच्या अन्नवस्त्राबरोबर ग्रंथलेखनाचाही खर्च नमूद आहे.

आता प्रश्नाचा उत्तरार्ध : शिकून पुढे काय? इत्सिंगचे उत्तर आम्ही दोनदा वाचले, कारण प्रथम वाचताना ते विहाराविषयी आहे असे वाटेना. नालंदा वा वलभी येथील अभ्यास संपवून, विद्वानांकडून आपल्या मतांची पारख करून घेऊन हे तरुण राजसभेकडे जात. तेथे ते आपल्या योजना मांडीत, राजकारणातील कौशल्य दाखवीत आणि राज्यकारभारात नेमणूक मिळविण्याची खटपट करीत. वादसभेत प्रतिपक्षास निरुत्तर करीत. जे यशस्वी होत त्यांना जमिनी मिळत, उच्च पदे मिळत. त्यांची नावे उंच दरवाजांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिली जात. त्यानंतर त्यांनी वाटेल तो व्यवसाय करावा. वैद्यकाविषयी तो लिहितो की, आठ अंगांचा एक संक्षिप्त ग्रंथ नुकताच तयार झाला आहे आणि तो ज्यास नीट येतो त्यास राजाकडून वेतन मिळण्यास अडचण पडत नाही. इत्सिंग स्वतःही वैद्यक शिकला होता. पण तो आपला मार्ग नव्हे म्हणून त्याने ते सोडून दिले, असे तो मोकळेपणाने सांगतो. शिकलेली प्रत्येक विद्या उपजीविकेस लावलीच पाहिजे असे त्यास वाटले नाही.

तेव्हा आयोगाच्या परीक्षेची तयारी विहारात बसून करणे यात परंपरेला सोडून काही नाही.

तथापि, एका ठिकाणी हा वृत्तान्त आम्हांस अपुरा पडतो. स्वखर्चाने राहणाऱ्या ब्रह्मचाऱ्याच्या पाठीशी त्याचे घर असे. ज्याच्या घरी एका डब्यात दोघे जेवतात, त्याने काय करावे? ह्याचे उत्तर सातव्या शतकात शोधण्यापेक्षा आपल्या जवळच्या दोन विद्यार्थ्यांकडे पाहावे.

पहिले धर्मानंद कोसंबी. गोव्यातील सांखवळ गावचा हा तरुण १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाला, काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला आणि पुढे बुद्धधम्माच्या शोधात नेपाळ, बोधगया करीत सिंहलद्वीपास पोचला. कलकत्त्यास अध्यापनाचे चांगले वेतन मिळत असता महाराष्ट्रात पालिचा प्रसार व्हावा म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये पत्करले. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकविली. तेथील त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी पु. वि. बापट पुढे मोठे पालि पंडित झाले. आज आमच्या मुली विद्यापीठात पालिचा अर्ज भरतात, त्यामागे ते पन्नास रुपये आहेत.

दुसरे अर्थात परमपूज्य बाबासाहेब. त्याच बडोदा संस्थानाने १९१३ साली त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या विषयांची नोंद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. पदवीला लागणाऱ्या विषयांवर थांबणाऱ्या विद्यार्थ्याची ही यादी नव्हे. पण १९१६ साली लंडनला गेल्यावर शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तीन वर्षांनी ते पुन्हा गेले, ते सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारावर. ज्या काळात एम. एस्सी. व डी. एस्सी. चा प्रबंध पुरा व्हावयाचा, त्या काळात ते मुंबईत पैसे साठवीत होते. शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही म्हणून त्यांनी फारसी घेतली होती. उत्तरायुष्यात पालिचे व्याकरण व शब्दकोश तयार करण्यास ते बसले. ते काम १९९८ साली त्यांच्या समग्र लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले. "पालि शिकून पुढे काय" असे विचारणाऱ्या घरांत हा खंड दाखवावयास हरकत नाही. मात्र त्याने घरभाडे भागत नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे.

म्हणून त्या विद्यार्थिनीला व्यवहाराचे जे सांगितले ते येथेही देतो. मुंबई, पुणे, नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांत पालिच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. प्राध्यापक व्हावयाचे तर 'नेट' ही पात्रता परीक्षा आहे. तीत पालि हा स्वतंत्र विषय आहेच, शिवाय बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अध्ययन हाही वेगळा विषय आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने मात्र २०१३ साली मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पालि वगळली. जुन्या मार्गदर्शकांवर विसंबून अजूनही काही जण ती आशा धरतात, त्यांनी सावध व्हावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठी, प्राकृत, असमिया व बंगाली यांच्याबरोबर पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यामुळे हस्तलिखिते, अनुवाद व संशोधन यांची कामे वाढावीत अशी अपेक्षा आहे. परंतु अपेक्षेवर घर चालत नाही. ज्यास पालि प्रिय आहे त्याने तिच्याबरोबर दुसरे एखादे साधन हाती ठेवावे : बी. एड., ग्रंथालयशास्त्र, पुरातत्त्व, नाही तर एखादी परकी भाषा. इत्सिंगच्या विद्यार्थ्याजवळ व्याकरण आणि तर्क ही साधने होती. त्यांच्या जोरावर तो विहारातही राहू शके आणि राजसभेतही उभा राहू शके.

हे सारे ऐकल्यावर त्या विद्यार्थिनीने दुसरा प्रश्न विचारला. "इत्सिंगने एवढं सगळं लिहिलं, त्यात मुली कुठे आहेत?" भारतातील भिक्खुणींविषयी इत्सिंग लिहितो : त्या भिक्षेवर निर्वाह करतात, साधेपणाने व गरिबीत राहतात. पण अभ्यासक्रमाच्या प्रकरणात, राजसभेकडे जाणाऱ्या त्या तरुणांत, विद्यार्थिनी कोठेच नाहीत. आम्ही तसे तिला सांगितले. थेरीगाथेचा आधार देऊन ही उणीव झाकता आली असती, परंतु विचारलेला प्रश्न तो नव्हता.

विश्वस्तांच्या बैठकीत आम्ही इत्सिंगचे ते प्रकरण वाचून दाखविले. दानपेटीशेजारी 'विद्यार्थ्यांसाठी' अशी दुसरी पेटी ठेवण्याचे ठरले. अभ्यासिकेचे वीजबिल त्यातूनच भरावयाचे. ज्यांना वर्गणी देणे शक्य नाही त्यांनी आठवड्यातून तीन तास विहाराचे काम करावे : ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद, माडीची झाडलोट, वस्तीतील दहावीच्या मुलांना गणित व इंग्रजी शिकविणे. वंदनेची सक्ती करू नये, परंतु वंदनेच्या वेळी माडीवर शांतता असावी. ज्या उपासकांनी वाद उपस्थित केला होता त्यांपैकी एकांनी नव्या पेटीत पहिली नोट टाकली. दुसरे एक जण अद्याप नाराज आहेत आणि त्यांनी आपले मत बैठकीच्या वृत्तान्तात नोंदवून घेतले आहे. दहावीच्या वर्गाचे गणित सध्या तो आयोगाची परीक्षा देणारा तरुण शिकवितो.

एक विषय मात्र बैठकीत राहून गेला. अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असली तरी मुली आठ वाजताच उठतात, कारण विहारापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या गल्लीत दिवा नाही. मुलांना मिळणारे रोजचे तीन तास त्यांना मिळत नाहीत. तळमजल्यावरील भांडारखोली मोकळी करून ती मुलींना पहाटेच्या अभ्यासासाठी द्यावी, असा अर्ज सात विद्यार्थिनींच्या सह्यांनी आला आहे. तो पुढील बैठकीत ठेवला जाईल.